अमेरिकेची फाईल, अलकापुरीतले कन्सल्टंट आणि खरा वकील

आत्याचा अमेरिकेचा व्हिसा झाल्यापासून मला सारखे फोन येतायत. बडोद्याच्या दांडिया बाजारातून, कारेलीबागेतून, वाघोडिया रोडवरून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, एखादा चांगला इमिग्रेशन लॉयर सांग ना. नाव मी कुणाचंच सांगत नाही, कारण आत्याच्या केसमध्ये जो कामी आला तो तुमच्या केसमध्ये येईलच असं नाही. पण वकील कसा शोधायचा, त्याला काय विचारायचं आणि मुळात तो लागतो का, हे आत्याची फाईल करताना मला नीट कळलंय, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतेय.

बडोद्यातून बाहेर जाणं काही नवीन नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते महाराजा सयाजीरावांच्या, म्हणजे बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर. आता मात्र अलकापुरीत नाहीतर सयाजीगंजात एक चक्कर मारा, प्रत्येक कॉम्प्लेक्सवर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूकेचे झेंडे लावलेले बोर्ड दिसतात, आणि आपली मंडळी त्या बोर्डाखालच्या माणसाला वकील समजूनच आत जातात. तो वकील असेलच असं अजिबात नाही. फॉर्म भरून देणारा असतो, कॉलेजकडून कमिशन घेणारा असतो, आयईएलटीएसचे क्लास चालवणारा असतो. ह्यातले काही जण मनापासून आणि चांगलं काम करतात हेही खरं, पण कायद्याचा सल्ला देण्याचा आणि तुमच्या वतीने तिथल्या सरकारपुढे उभं राहण्याचा अधिकार ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो अधिकार ज्या देशात जायचंय त्या देशाचा कायदा देतो.

अमेरिकेसाठी तो अधिकार दोनच प्रकारच्या लोकांना आहे. एक म्हणजे तिथल्या कुठल्यातरी राज्याच्या बारचं, म्हणजे वकिलांच्या अधिकृत मंडळाचं, लायसन्स असलेला वकील, आणि दुसरे म्हणजे तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांमधले अॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह. लोक मला विचारतात, भाऊ न्यू जर्सीत आहे आणि वकील टेक्सासचा आहे, चालेल का? चालेल. इमिग्रेशन हा तिथे केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे एका राज्याचं लायसन्स असलेला वकील कुठल्याही राज्यातल्या माणसाची इमिग्रेशन केस घेऊ शकतो. तुम्ही फक्त एवढं करायचं, त्याला विचारायचं की तुमचं लायसन्स कुठल्या राज्याचं आणि बार नंबर काय, आणि मग त्या राज्याच्या बारच्या वेबसाईटवर स्वतः नाव टाकून बघायचं. लायसन्स चालू आहे का, कधी कारवाई झालीये का, बऱ्याच राज्यांत हे सगळं तिथे दिसतं, पैसे लागत नाहीत. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन म्हणून १९४६ पासूनची एक संघटना आहे, तिच्या साईटवरही वकील शोधता येतो, सुरुवात करायला ती जागा चांगली. आणि वकील तुमची केस घेतो तेव्हा जी-२८ नावाचा फॉर्म भरतो, त्यावर त्याचं नाव, लायसन्स आणि तुमची सही असते. जो म्हणतो केस मीच चालवतोय पण जी-२८ वगैरेची काही गरज नाही, तिथून उठून यावं.

कॅनडाला वकील चालतो, किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स असलेला कन्सल्टंट, ज्याला आरसीआयसी म्हणतात. हे कॉलेज म्हणजे शिकवायचं कॉलेज नाही, २०२१ मध्ये जुनी संस्था जाऊन तिच्या जागी आलेली नियामक संस्था आहे, आणि तिचं रजिस्टर ऑनलाईन उघडं आहे, नाव टाका, नंबर टाका, दिसतं. तुम्ही पैसे देऊन ज्याच्याकडून काम करून घेताय त्याचं नाव अर्जासोबत आयएमएम ५४७६ फॉर्मवर यायलाच हवं. आपल्याकडे सर्रास सांगतात, आमचं नाव टाकू नका, तुम्हीच अर्ज केलाय असं दाखवू, फी कमी घेऊ. ह्याचा अर्थ त्याच्याकडे लायसन्स नाही, आणि उद्या त्याने अर्जात काही खोटं लिहिलं तर सही तुमची असल्यामुळे पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्याचं कोणी काही करत नाही. ऑस्ट्रेलियासाठी एजंटला मार्न नंबर, म्हणजे त्याचा तिथला नोंदणी नंबर, मागा, यूकेसाठी सॉलिसिटर आहे का ते बघा, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद आहे का बघा, २०२५ च्या जानेवारीपर्यंत हिचं नाव ओआयएससी होतं त्यामुळे जुन्या लेटरहेडवर ते दिसेल.

आणि हो, व्हीएफएस म्हणजे फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेणारी कंपनी. तिथल्या काउंटरवरची मुलगी तुमचा व्हिसा पासही करत नाही आणि नापासही करत नाही, तिची ओळख काढून काही होत नाही.

आता आत्याची गोष्ट सांगते, कारण खरा वकील काय करतो हे मला त्यातूनच कळलं. माझे काका अमेरिकेचे सिटिझन झाल्यावर त्यांनी २००६ च्या सुरुवातीला आत्यासाठी फाईल टाकली, म्हणजे नातेवाईकाला कायमचं तिकडे बोलावण्याचा अर्ज, आय-१३० फॉर्म. भावाबहिणीची कॅटेगरी एफ-४ असते. जगभरातून मिळून वर्षाला ६५ हजारच व्हिसे ह्या कॅटेगरीत, त्यात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, आणि आपल्याकडून अर्ज प्रचंड, म्हणून रांग अठरा-वीस वर्षांची. फाईल टाकली तेव्हा आतेभाऊ पहिलीत होता. २००६ च्या सुरुवातीच्या फाईली २०२४ मध्ये उघडल्या, म्हणजे त्यांचा व्हिसाचा नंबर लागला, तेव्हा तो चोवीस पूर्ण करून बसलेला. आर. सी. दत्त रोडवरच्या एका कन्सल्टंटने फाईलवर नजर टाकून सांगितलं, मुलगा एकवीसच्या वर गेलाय, त्याचं नाव काढून टाका, त्याला स्टुडंट व्हिसावर पाठवू, आमचं पॅकेज आहे. आत्या घरी येऊन रडली. एकुलता एक मुलगा, त्याला इथे ठेवून ती कुठे जाणार होती?

मग काकांनी न्यू जर्सीत एका वकील बाईंना पैसे भरून तासाभराची कन्सल्टेशन घेतली, आम्ही इथून रात्री व्हिडिओ कॉलवर बसलो. त्या बाईंनी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर आय-१३० अप्रूव्ह कधी झाला त्याची नोटीस दाखवा. काकांनी जपून ठेवली होती, २०१० ची. अमेरिकेत २००२ पासून चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट आहे, त्यात मुलाचं वय वेगळ्या पद्धतीने मोजतात. व्हिसा नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून फाईल सरकारकडे अप्रूव्हलसाठी जेवढा काळ पडून होती तेवढा वजा करायचा. आतेभावाचं वय चोवीस वर्षं आणि काही महिने, त्यातून फाईल चार वर्षांवर पडून होती ती वजा, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तो वीस वर्षं आणि काही महिन्यांचा. एकवीसच्या आत बसला! ती चार वर्षं अप्रूव्हल येत नाही म्हणून काका वैतागायचे, आणि शेवटी त्याच चार वर्षांनी मुलाला आईबरोबर नेलं.

पण त्यात अटी आहेत आणि त्या वकिलानेच सांगितल्या. मुलगा अविवाहित हवा, आणि नंबर उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्याने अर्जाचं पाऊल उचललेलं हवं, म्हणजे फी भरणं, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज भरणं वगैरे. आत्या त्याच्यासाठी मुलगी बघत होती, पुण्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं, ते तिने थांबवलं. लग्न आधी झालं असतं तर त्याचा हक्क तिथेच संपला असता, आणि हे इथे कुणीही तिला सांगितलं नव्हतं. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात दोन तक्ते असतात, एक कागद कधी पाठवायचे त्याचा आणि एक व्हिसा प्रत्यक्ष कधी मिळेल त्याचा, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये जाणाऱ्यांचं वय दुसऱ्या तक्त्यावरून मोजतात. लोक पहिला तक्ता बघून हिशोब करतात आणि घाबरतात नाहीतर उगाच निश्चिंत होतात. मूल एकवीसच्या आसपास असेल तर वकिलाला पैसे द्या, दुसरीकडे कुठेही काटकसर करा पण इथे नको.

सगळ्यांना वकील लागतोच असं मात्र नाही, हेही तितकंच मनापासून सांगते. आईवडिलांना टूरिस्ट व्हिसावर मुलीकडे जायचंय, दोघांचे पासपोर्ट साफ आहेत, कधी रिजेक्शन नाही, तर डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म घरच्या घरी शांतपणे भरा. स्टुडंट व्हिसालाही सरळ केसमध्ये युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस बरंच सांगतं. वकील कधी लागतो तर पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिला असाल, खोटी माहिती दिली म्हणून व्हिसा नाकारला असेल, पोलीस केस असेल, अगदी मिटलेली असली तरी, घटस्फोट किंवा दत्तक असेल, किंवा ज्याने फाईल टाकली तो माणूसच गेला असेल तेव्हा. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. फाईल टाकणारा भाऊ वारला तर अप्रूव्ह झालेली फाईलसुद्धा आपोआप रद्द होते, वीस वर्षं वाट बघितलेली असली तरी. ती माणुसकीच्या आधारावर पुन्हा जिवंत करायची विनंती करता येते पण ती मान्य होईलच असं नाही, आणि ते काम खरोखरच वकिलाचं आहे. आमच्याकडे काकांचं वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे शेवटची वर्षं सगळ्यांच्याच जिवाला घोर होता.

आता जे प्रश्न सगळेच विचारतात ते. भाचा अमेरिकेत आहे, तो मला बोलावेल का? नाही. भाचा, पुतण्या, मावशी, काका, आजी, ही नाती त्यांच्या कायद्यात नाहीत. सिटिझन माणूस नवरा-बायको, मुलं, आईवडील आणि भावंडांसाठी फाईल टाकू शकतो, ग्रीन कार्डवाला फक्त नवरा-बायको आणि अविवाहित मुलांसाठी. जावई सासूसाठी टाकू शकत नाही, मुलगी सिटिझन झाली की आईसाठी टाकू शकते, आणि आईवडिलांना नवरा-बायकोसारखीच रांग नसते. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या डायव्हर्सिटी लॉटरीत नाव लागलंय असा ईमेल आलाय म्हणून पैसे भरू का? भारतात जन्मलेल्यांना त्या लॉटरीत भागच घेता येत नाही, नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असणं वगैरे अपवाद सोडले तर. तो ईमेल डिलीट करा.

दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय म्हणजे दहा वर्षं राहता येतं का? ह्यावरून मी नात्यातल्यांशी भांडलेय. व्हिसावरची तारीख म्हणजे त्या तारखेपर्यंत दार ठोठावता येतं. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावर उतरल्यावर ठरतं, आय-९४ नावाच्या प्रवेशाच्या नोंदीत लिहिलेलं असतं, टूरिस्टला बहुतेक वेळा सहा महिने. त्याच्या वर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून परत आलात तर तीन वर्षं, आणि एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही, हा १९९६ चा कायदा आहे. नातवंड सांभाळायला थांबले होते, त्यांना हे कसं कळणार, असं चालत नाही. मुदतवाढ हवी असेल तर आय-९४ संपायच्या आत अर्ज करायचा.

आणि ज्याच्यामुळे मला सगळ्यात जास्त राग येतो ते. टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रश्न असतो, तुमच्यासाठी कधी कुणी इमिग्रंट पिटिशन टाकलंय का. फाईल टाकलेली असताना इथले काही एजंट बिनधास्त नो लिहितात, म्हणतात त्यांना काय कळतंय, यस लिहिलं तर रिजेक्ट होईल. अहो त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये तुमची फाईल आहे! यस लिहून फार तर ह्यावेळी व्हिसा नाकारतील, परत येण्याचा इरादा पटला नाही म्हणून, पुन्हा अर्ज करता येतो. नो लिहून पकडलं गेलं तर मुद्दाम खोटं सांगितल्याचा ठपका येतो आणि तो जन्मभराचा असतो, मग उद्या तुमचीच वीस वर्षांची फाईल उघडेल तेव्हा त्यावरही तोच ठपका बसेल. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या बाबतीत हे झालंय. एजंटने पैसे घेतले, फॉर्म भरला, सबमिट करायच्या आधी दाखवलासुद्धा नाही. त्यामुळे माझी हात जोडून विनंती आहे, कुणीही भरू दे, फॉर्मचा शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सबमिट करू देऊ नका, इंग्रजी येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

डिंगुचाचं नाव गुजरातमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. २०२२ च्या जानेवारीत गांधीनगर जिल्ह्यातल्या त्या गावचं चौघांचं कुटुंब कॅनडातून अमेरिकेच्या हद्दीकडे चालत जाताना मॅनिटोबाच्या बर्फात गोठून गेलं, दोन लहान मुलांसकट. त्यांना नेणाऱ्यांनाही लोक एजंटच म्हणायचे. कागदाशिवाय पोचवतो म्हणणाऱ्याशी बोलणंसुद्धा नको, तो कितीही जवळच्या ओळखीतला असला तरी.

आपल्या मराठी घरांची एक वेगळी अडचण आहे, आणि अमेरिकेतल्या वकिलाला ती आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनावच नाही, पहिलं नावसुद्धा. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर आणि आधारवर दुसरं, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आणि गुजराती दाखल्यात आडनाव आधी लिहिलेलं. भाऊबहीण आहेत हे सिद्ध करायला दोघांचे जन्मदाखले लागतात आणि त्यावर आईवडिलांची नावं जुळायला हवीत. आत्याचा जन्म १९७० च्या आधीचा, तेव्हाच्या कितीतरी जन्मांची नोंदच नाही. अशा वेळी महानगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि वयाने मोठ्या नातेवाईकांची अॅफिडेव्हिट, ज्यांना जन्माची स्वतःला माहिती आहे अशांची. ती मोठी माणसं हयात आहेत तोवर अॅफिडेव्हिट करून ठेवा, फाईल उघडायची वाट बघू नका. वकिलाने नावांचा एक साधा तक्ता करायला सांगितला, कुठल्या कागदावर कुठलं नाव आणि बदल कधी झाला, आणि त्याने मुलाखतीच्या वेळी फार सोपं गेलं. गुजराती कागदांचं इंग्रजी भाषांतर करताना भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे असं लिहून सही करायची, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला त्यावर नोटरीचा शिक्का लागत नाही. इथे मात्र प्रत्येक पानावर शिक्के मारून त्याचे पैसे घेणारे बसलेलेच आहेत.

फीचं म्हणाल तर वकिलाची फी आणि सरकारी फी वेगळी असते आणि दोन्ही वेगवेगळी लिहून मागायची. आय-१३० ची फी एप्रिल २०२४ पासून कागदावर ६७५ डॉलर आणि ऑनलाईन ६२५ झाली. फाईल उघडल्यावर माणशी ३२५ डॉलर व्हिसाची, सगळ्या केसमागे मिळून १२० डॉलर स्पॉन्सरच्या कागदांची, आणि व्हिसा मिळाल्यावर माणशी २३५ डॉलर, वर मेडिकल. फी बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी साईटवरच बघा. पहिली कन्सल्टेशन फुकट नसेल तर नाराज होऊ नका, तासाचे पैसे घेऊन तुमचे कागद नीट वाचणारा वकील फुकट बोलून पॅकेज विकणाऱ्यापेक्षा बरा. त्याला विचारा की माझ्यासारख्या केस केल्यात का, कागद तुम्ही स्वतः बघणार की असिस्टंट, ईमेलला उत्तर किती दिवसांत, आणि माझी केस कुठे फसू शकते. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही किंवा जो शंभर टक्के गॅरंटी म्हणतो, त्याला सोडा. आणि हेही विचारा की तुम्ही कुणाचे वकील, फाईल टाकणाऱ्या काकांचे, की आत्याचे, की दोघांचे, कारण जी-२८ कुणासाठी भरलाय त्यावर उत्तरं कुणाला मिळणार ते ठरतं. मुंबईला कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर उत्तरं शेवटी आत्यालाच द्यायची होती, वकिलाने तिच्याकडून घरी तयारी करून घेतली, पाठ काहीच करायला लावलं नाही, फक्त फाईलमध्ये काय लिहिलंय ते तिला मराठीत समजावून ठेवा असं मला सांगितलं.

अर्ज गेला की संपूर्ण फाईलची कॉपी स्वतःकडे घ्या, रिसीट नंबर, अप्रूव्ह झालेल्या फाईली पुढे बघणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरचा केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर ह्यांसकट, ते सगळं तुमचं आहे. पत्ता किंवा ईमेल बदलला तर लगेच कळवा, आणि व्हिसा सेंटरची नोटीस आल्यावर वर्षभरात काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, म्हणून तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. वकील पटला नाही तर बदलताही येतो, नवा वकील नवा जी-२८ भरतो, जुन्याकडून फाईल आणि तुमचे मूळ दाखले मागून घ्यायचे.